विकायचा नाही, कॅप्टनही करायचा नाही

तुमची पोस्ट वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. मँचेस्टर युनायटेडचे कट्टर चाहते, म्हणून लिव्हरपूलशी सामना आला की फॅन्टसी प्रीमियर लीगमधल्या (खऱ्या इंग्लिश फुटबॉलपटूंचा संघ बनवून त्यांच्या खेळावर गुण मिळवायचा ऑनलाइन गेम) आपल्या संघातून त्यांचा माणूस काढायचा, सामना उरकला की परत घ्यायचा, आणि आता ऑफिसच्या लीगमध्ये तळाला. आमच्याकडे निम्मे लोक असेच खेळायचे. (मीही युनायटेडवालाच, जुने मॅनेजर फर्ग्युसन यांच्या काळापासूनचा. निष्ठेचे दाखले मागू नका.)

चार-चार गुणांचे हिट (फुकटच्यापेक्षा जास्त ट्रान्सफर, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, केली की कापले जाणारे गुण) तुम्हाला माहीतच असणार, ते सोडतो. गुपचूप फटका बसतो तो किमतीत. 2024-25 ला लिव्हरपूलचा सालाह 12.5 ला (गेममधले दशलक्ष पाउंड) सुरू झाला. तो 13.1 झाल्यावर विकलात तर हातात 12.8 येतात, कारण वाढीतला अर्धाच नफा आपला. परत घेताना मात्र पूर्ण 13.1 मोजायचे. दोन ट्रान्सफर गेल्या त्या वेगळ्याच. बरं, एवढं करून वाचवलं काय? 1 सप्टेंबर 2024, आपलंच मैदान ओल्ड ट्रॅफर्ड, लिव्हरपूलकडून 0-3 ने हरलो. सालाहचा एक गोल, दोन असिस्ट (गोलसाठी दिलेले पास). बोनस न धरताही 14 गुण. 2021 ला त्याच मैदानावर 0-5, त्यात त्याची हॅटट्रिक. 2023 ला त्यांच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डला, 7-0 ने हरलो, त्याबद्दल मी बोलणार नाही.

माझा नियम (माझा, तुम्हाला पटेलच असं नाही): शत्रूचा खेळाडू संघात राहू द्या, फक्त त्या आठवड्यात कॅप्टनची पट्टी (कॅप्टनचे गुण दुप्पट होतात) दुसऱ्याला द्या. एवढी निष्ठा परवडते. दुप्पट गुणांसाठी आपल्याच गोलपोस्टकडे आशेनं बघत बसणं मला तरी जमत नाही.

दुसरं म्हणजे आपल्या क्लबचे बचावपटू अजिबात घेऊ नका. आपण 3-0 ने पुढे, 88 व्या मिनिटाला एक गोल खाल्ला, क्लीन शीटचे (एकही गोल न खाल्ल्याचे) चार गुण गेले, की जिंकलेल्या सामन्यानंतरही तोंड वाकडं. घ्यायचाच तर आपल्या ब्रुनो फर्नांडिससारखा पेनल्टी मारणारा घ्या. त्याला गुण मिळतात तेव्हा आपणही खूश असतो.

आता विक-घे का नको, त्याचं खरं कारण. आमच्या कंपनीच्या क्रीडा समितीने वर्गणी काढून लीग भरवली होती. शेवटी मी आणि आणखी एकजण समान गुणांवर. गेमचा स्वतःचा नियम स्पष्ट आहे: बरोबरी झाली तर ज्याच्या ट्रान्सफर कमी, तो वर. वाइल्डकार्ड आणि फ्री हिट (त्या आठवड्यात हव्या तितक्या फुकट ट्रान्सफर देणाऱ्या सवलती) वापरून केलेल्या धरत नाहीत. समोरचा गडी तुमच्यासारखाच, मोठा सामना आला की विकणारा. त्यामुळे स्क्रीनवर मी पहिला. समिती म्हणाली, आमचा नियम वेगळा आहे. कुठे लिहिलाय? "तोंडी ठरलं होतं." कोणासमोर? उत्तर नाही. एचआर म्हणे हा अ‍ॅडमिनचा विषय, अ‍ॅडमिन म्हणे समितीचा, आणि समितीचं पालुपद एकच, हिशोब चालू आहे. दिवाळीच्या सुमारास बक्षीस आलं: कंपनीचा लोगो असलेला मग. दोघांत एक. वर्गणीचं काय झालं ते आजतागायत कळलेलं नाही, आणि विचारलं की "अरे, खेळ आहे, एवढं काय मनावर घेतोस" हे वर. पैसे घेताना नव्हता वाटतं खेळ!

तेव्हा हंगाम सुरू होताना, ऑगस्टमध्येच, बरोबरीचा नियम, बक्षीस आणि पैसे कोणाकडे राहणार, हे ग्रुपवर लिहून घ्या आणि स्क्रीनशॉट ठेवा. लोक चिंधीचोर म्हणतील. म्हणू देत.

जाता जाता एक. तिकडे इंग्लंडात ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागे जातात, म्हणून संघ बदलायची शनिवारची नेहमीची डेडलाइन आपल्याकडे दुपारी 3:30 ची 4:30 होते. तेव्हा कोणी चुकत नाही. मार्चअखेर ती परत 3:30 वर येते आणि निम्मी लीग जेवून झोपलेली असते.