संपर्क फॉर्मचा मजकूर ईमेलमध्ये सलग एकाच ओळीत येतो, काय करू?

तुमचा ईमेल एचटीएमएल म्हणून जातोय, आणि एचटीएमएल साध्या नव्या ओळींना जुमानत नाही. नाव, फोन, निरोप सगळ्यांची खिचडी होते ती त्यामुळेच. साइट पीएचपीत असेल तर निरोपावर आधी एचटीएमएलस्पेशलचार्स (< > सारखी चिन्हं निरुपद्रवी करणारं फंक्शन), मग एनएल-टू-बीआर (नव्या ओळीच्या जागी 'बीआर' हा ओळ तोडणारा टॅग घालणारं) चालवा. क्रम उलटा केलात तर ईमेलमध्ये 'बीआर'चे टॅग जसेच्या तसे दिसतील. (माझे दिसले होते, तेही ग्राहकासमोर.) कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ ठेवा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं. 'फ्रॉम'मध्ये स्वतःच्या डोमेनचाच पत्ता हवा, फॉर्म भरणाऱ्याचा 'रिप्लाय-टू'मध्ये. नाहीतर स्पॅममध्ये शोधत बसाल.

खरं तर पीएचपीचं नुसतं मेल फंक्शन सोडाच, पीएचपीमेलर ही ईमेल पाठवायची तयार लायब्ररी घ्या. साइट स्टॅटिक (सर्व्हरवर कोड न चालवणारी) असेल तर फॉर्मस्प्री ही फॉर्म ईमेलवर पोचवणारी सेवा पुरते.