रेल्वे कंपन्यांना मिळालेली जमीन: 'इनाम' की 'अनुदान'?

प्रश्न असा आहे. अमेरिकेच्या इतिहासावरच्या एका मजकुराचा अनुवाद चालू आहे आणि त्यात हे वाक्य आलंय: "१८६२ साली सरकारने वसाहतकारांना व रेल्वे कंपन्यांना सार्वजनिक जमिनीचे अनुदान दिले, पाच वर्षांनंतर वसाहतकाराला पेटंट मिळे." 'अनुदान' खटकतंय, तिथे 'इनाम' चालेल का?

इनाम अजिबात नको. पण मला त्या वाक्यात अनुदानाइतकेच आणखी दोन शब्द खटकले, त्यांच्याकडे नंतर येतो.

एका वाक्यात कोंबलेल्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि पुढे सहा आठवड्यांच्या आत, १ जुलैला, पॅसिफिक रेल्वे कायद्यावर. पहिल्या कायद्याने एकवीस वर्षांवरच्या कुणालाही, किंवा कुटुंबप्रमुख असेल तर त्याआधीही, १६० एकर मिळू शकत होते. तो नागरिक असावा किंवा नागरिक व्हायचा इरादा त्याने नोंदवलेला असावा, आणि सरकारविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं. यादवी युद्ध चालू होतं, त्यामुळे शेवटची अट कोणासाठी होती ते उघड आहे. किरकोळ फी भरायची, पाच वर्षं जमिनीवर राहायचं, ती कसायची, मग जमीन त्याची.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे पड जमीन लागवडीला आणण्यासाठी दिलेला कौल. ओसाड गावात रयत बोलवायची, पहिली काही वर्षं सारा नाममात्र, मग दरवर्षी थोडा चढता. यालाच इस्ताव्याचा कौल म्हणत. माणूस येऊन वसावा म्हणून राज्याने सवलत द्यायची, हा विचार दोन्हीकडे सारखा. फरक शेवटी पडतो: कौल घेणारा रयत सारा भरतच राहतो, होमस्टेडवाला पाच वर्षांनी पूर्ण मालक होतो. शिवाय आज 'कौल' म्हटलं की वाचकाला निवडणूक आठवते, नाहीतर घराचं छप्पर. त्यामुळे तळटीपेत कौलाचा दाखला जरूर द्या, मजकुरात मात्र 'होमस्टेड' तसाच ठेवा.

रेल्वेचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे. युनियन पॅसिफिकने ओमाहाकडून पश्चिमेला आणि सेंट्रल पॅसिफिकने सॅक्रॅमेंटोकडून पूर्वेला रूळ टाकत यायचं होतं. १० मे १८६९ रोजी युटामध्ये प्रोमॉन्टरी इथे दोन्ही मार्ग जोडले गेले. या कंपन्यांना दर मैलामागे आधी दहा आणि १८६४च्या दुरुस्तीनंतर वीस सेक्शन जमीन ठरली. सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर. म्हणजे मैलभर रूळ टाकला की १२,८०० एकर! पण सलग नाही. मार्गाच्या दोन्ही अंगांना विषम क्रमांकाचे सेक्शन कंपनीचे, सम क्रमांकाचे सरकारचे, असा बुद्धिबळाचा पट मांडलेला. सरकारचा हिशोब असा की रेल्वे आली की उरलेल्या चौकटींचा भाव वाढेल, आणि दिलेलं भरून निघेल. म्हणून या पट्ट्यात सरकारने आपल्या जमिनीचा किमान दर एकरी सव्वा डॉलरचा अडीच डॉलर केला, आणि होमस्टेडवाल्याला तिथे बरीच वर्षं १६० ऐवजी ८० एकरच मिळत. एका कायद्याने दिलेलं दुसऱ्याने असं अर्धं केलं होतं, हे पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

आता 'इनाम' का नको ते बघा. इनाम बहुधा झालेल्या सेवेबद्दल किंवा धर्मादाय म्हणून, वंशपरंपरेने उपभोगायचं. पुष्कळदा त्यात जमिनीपेक्षा तिच्यावरच्या साऱ्याचाच हक्क असे. रेल्वे कंपनीला जमीन मिळे ती काम झाल्यावर, टप्प्याटप्प्याने. आधी चाळीस आणि नंतर वीस मैलांचा तुकडा पुरा झाला, सरकारी आयुक्तांनी तपासला, की तेवढ्या तुकड्याची जमीन नावावर. तीही उपभोगायला नव्हे, विकून पैसा उभा करायला. मार्ग पुरा झाल्यावर तीन वर्षांत जी जमीन विकली जाणार नाही किंवा जिची विल्हेवाट लागणार नाही, ती सव्वा डॉलर एकराने वस्तीला खुली होईल, असंही कायद्यात होतं. कंपनी म्हणाली, आम्ही ती गहाण टाकलीय, म्हणजे विल्हेवाट लागलीच की. १८७९ साली सुप्रीम कोर्टाने ते मान्यही केलं.

'अनुदान' नको, कारण आज अनुदान म्हणजे परत न करायची रोख मदत: ठिबक सिंचनाचं, शाळेचं. जमिनीखेरीज सरकारने या कंपन्यांना मैलाला १६ हजार, ३२ हजार किंवा ४८ हजार डॉलरचे रोखे दिले, सपाटी की डोंगर ते बघून. पण ते तीस वर्षांचं सहा टक्के व्याजाचं कर्ज होतं. जमिनीलाही अनुदान म्हटलं, की वाचक हे रोखेही त्यातच धरतो आणि सगळंच फुकट होतं असं समजतो. 'मोबदला' अर्थाने जवळचा आहे, पण आपल्याकडे मोबदला मिळतो तो महामार्गात जमीन गेलेल्याला. गोंधळ उलट्या दिशेने होईल.

मराठीत यासाठी तयार शब्द नाही, कारण इथे असं घडलंच नाही. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली ती ज्या कंपनीची, तिला रुळांपुरती जमीन फुकट मिळाली आणि भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी. आजूबाजूची शिवारं विकायला मिळाली नाहीत. म्हणून साधं क्रियापद वापरा: सरकारने कंपनीला जमीन बहाल केली. नाम हवंच तर 'जमीन-बहाली'.

राहिलेले दोन शब्द. 'सार्वजनिक जमीन' काढून टाका. आपल्याकडे सार्वजनिक म्हणजे सर्वांनी वापरायचं, नळ असो की गणपती. इथे अर्थ आहे संघराज्य सरकारच्या मालकीची जमीन, म्हणून 'सरकारी जमीन'. ती सरकारची झाली कशी, हेही अर्ध्या वाक्यात सांगा. युनियन पॅसिफिकचा मार्ग जिथून निघाला त्या पूर्व नेब्रास्काचा मोठा भाग ओमाहा आणि ओटो-मिसुरिया या मूळ रहिवासी जमातींकडून १८५४च्या करारांनी घेतलेला होता. 'पडीक' किंवा 'ओसाड' ही विशेषणं तर चुकूनही लावू नका.

आणि 'पेटंट'! मराठी वाचकाला वाटेल या शेतकऱ्याने नांगराचा शोध लावला. इथे पेटंट म्हणजे जमीन नावावर करून देणारा सरकारी कागद, आणि याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: सनद. त्याआधीची पायरी म्हणजे 'वहिवाट सिद्ध करणे'. दोन साक्षीदार घेऊन जमीन कचेरीत जायचं. घर कसं आहे, किती एकर नांगरली, सलग राहिलात का, हे शपथेवर सांगायचं. बारा बाय चौदाचं घर आहे म्हणून शपथ घ्यायची आणि फूट की इंच ते बोलायचं नाही, असे किस्से भरपूर आहेत.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: "१८६२ साली अमेरिकन सरकारने दोन कायदे केले. होमस्टेड कायद्याने, सरकारी जमिनीवर पाच वर्षं राहून ती कसणाऱ्याला १६० एकरांची सनद मिळू लागली. पॅसिफिक रेल्वे कायद्याने कंपन्यांना, टाकलेल्या रुळांच्या मैलांनुसार जमीन बहाल झाली आणि रोख्यांच्या रूपाने कर्जही मिळालं." थोडं लांबलं आहे. जागा कमी असेल तर रोख्यांचा भाग गाळा, दोन कायदे मात्र वेगळेच ठेवा.