मुलीचं लोकेशन जुन्याच जागी अडकतंय? ॲप बदलायच्या आधी हे वाचा

"नकाशावर मुलगी अजून शाळेतच, आणि ती मात्र कधीची घरी येऊन लोळतेय" हे तुमचं वाक्य वाचलं आणि आमच्या घरातले जुने दिवस आठवले. जुना ॲन्ड्रॉइड फोन, त्यावर फॅमिली लिंक हे मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं फुकटचं ॲप, आणि आता पैसे भरून दुसरं ॲप घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर अजिबात घेऊ नका. निदान एवढ्यात तरी नको.

खातं जोडणं वगैरे तुम्ही केलेलं दिसतंय, त्यात शिरत नाही.

आम्ही याच त्रासापायी एका ट्रॅकिंग ॲपची वर्षभराची वर्गणी भरली होती. नकाशावरचा तिचा ठिपका तिथेही गोठलेलाच. मग त्यांच्या मदतकक्षाशी चॅट. "लॉगआउट करून परत लॉगइन करा." केलं. "ॲप काढून परत टाका." तेही केलं. पुढच्या वेळी चॅटवर नवाच माणूस, त्याला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगा. शेवटी निष्कर्ष काय, तर "तुमच्या प्लॅनमध्ये लोकेशन सावकाश अपडेट होतं, वरचा प्लॅन घ्या." वरचा घेतला, ठिपका जिथल्या तिथे. पैसे परत मागितले तर "सेवा वापरली गेली आहे." फोन कोणता आहे, बॅटरी सेव्हर चालू आहे का, हे त्यांच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही! अजून आठवलं की डोकं तापतं. असो.

दोष ॲपचा नव्हताच. फोन लॉक होऊन दप्तरात गेला की ॲन्ड्रॉइड मागे चालणारी ॲप्स झोपवतो. 'डोझ' नावाची ही सोय २०१५ च्या ६.० आवृत्तीपासून आहे, आणि त्यावर बऱ्याच फोन कंपन्या आपली आणखी कडक बंधनं चढवतात. खूण सोपी आहे. मुलीने फोन बाहेर काढून अनलॉक केला की ठिपका टुणकन खऱ्या जागी येतो. तुमच्याकडे तसंच होत असेल तर मुलीच्या फोनवर (तुमच्या नव्हे!) बॅटरी सेव्हर बंद करा, लोकेशन वापरणाऱ्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा, लोकेशनची परवानगी 'नेहमी' ठेवा आणि 'ऑटोस्टार्ट' दिसलं तर तेही चालू करा. गूगल प्ले सर्व्हिसेसचं (इतर ॲप्सना लोकेशन पुरवणारं, मागे चालणारं गूगलचं ॲप) बॅटरी सेटिंगही बघून घ्या. फोनगणिक नावं थोडी वेगळी असतात. सिस्टम अपडेट आलं की हे सगळं परत तपासायचं, कधीकधी सेटिंग्ज गुपचूप पूर्ववत होतात. बॅटरी थोडी लवकर उतरेल, त्याला इलाज नाही.

ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळही बघत जा. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतं. इमारतीत मदार वाय-फाय आणि टॉवरवर, मग मुलगी त्या वर्तुळात कुठेही असू शकते. शेजारच्या गल्लीत दिसली म्हणून लगेच घाबरू नका. जीपीएसला नेट लागत नाही, पण ते ठिकाण तुमच्यापर्यंत पोचायला लागतं. त्याला डेटा नाममात्र जातो, सगळ्यात छोटा प्लॅन पुरे.

'नंबर टाका, लोकेशन बघा' म्हणणाऱ्या साइट्सच्या वाटेला जाऊ नका, निव्वळ फसवणूक असते. आणि पैसे भरले म्हणजे माहिती सुरक्षित, असंही नाही. लाइफ३६० हे नावाजलेलं ॲप कुटुंबांचं लोकेशन डेटा-दलालांना (लोकांच्या माहितीची खरेदी-विक्री करणाऱ्यांना) विकत असल्याची बातमी 'द मार्कअप' या अमेरिकी वृत्तसंस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये दिली होती. एअरटॅग, म्हणजे वस्तूला लावायची ॲपलची छोटी चकती, हेही कुणीतरी सुचवेल. त्यात जीपीएस नसतं, आसपासच्या ॲपल उपकरणांच्या जिवावर तो चालतो आणि तो वस्तूंसाठी आहे असं ॲपल स्वतःच सांगते. दप्तर शोधायला ठीक.

मुलीला मात्र हे सगळं सांगून करा. चोरून केलंत आणि तिला कळलं तर ती फोन मैत्रिणीकडे ठेवून फिरेल. मी कुणी तज्ज्ञ नाही, हे घरातल्या अनुभवावरून सांगतोय.

सेटिंग्ज बदलल्यावर फोन लॉक करून घरातल्या कुणाच्या तरी पिशवीत टाका, त्यांना बाहेर चक्कर मारायला पाठवा आणि तुम्ही घरून ठिपका बघा. तरीही अडकला तर फोनचं मॉडेल आणि ॲन्ड्रॉइडची आवृत्ती इथे लिहा, बघू काय करता येतं.