संथ ठिपका कसा पकडावा

नेपच्यूनपलीकडचं शोधायचंय ना? मग प्रतियुतीजवळचंच, म्हणजे सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेचं आकाश घे. तिथे ४० खगोलीय एककांवरची (पृथ्वी-सूर्य अंतराच्या ४० पट लांबची) वस्तू तासाला साधारण ३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकते, मुख्य पट्ट्यातला लघुग्रह तिच्या दसपट. प्रतियुतीपासून लांब गेलास की लघुग्रहही वक्री-मार्गी होताना, म्हणजे आकाशातली दिशा उलटताना रेंगाळतात आणि हमखास फसवतात. आकाशगंगेचा पट्टा टाळच, ताऱ्यांच्या गर्दीत ठिपका हरवतो.

एकाच भागाच्या किमान तीन प्रतिमा घे, दोन-तीन तासांत विभागून. दोनच असतील तर वैश्विक किरणाचा (कॅमेऱ्यावर आदळलेल्या अवकाशातल्या कणाचा) डागही ‘ग्रह’ होतो! वेगाची खालची मर्यादा, जिच्याहून संथ ते गाळायचं, मात्र जपून ठरव. पालोमार वेधशाळेच्या २००३ मधल्या प्रतिमांत एरिस हा नेपच्यूनपलीकडचा बटुग्रह होता, पण तासाला १.५ विकलांपेक्षा संथ सगळं गाळलं जायचं. तो सापडला जानेवारी २००५ मध्ये, फेरतपासणीत. सापडलंच काही तर दुसऱ्या रात्री, महिन्याने आणि पुढच्या वर्षी त्याची जागा पुन्हा मोज, नाहीतर कक्षा ठरत नाही.