प्रश्न आधी, क्रेडिट मागून

प्रिय डॉक्टर,

वैद्यकीय नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत जवळ आली आणि त्यासाठी लागणारी सीएमईची, म्हणजे डॉक्टरांच्या चालू शिक्षणाची, क्रेडिट्स (गुण) अजून निम्मीच झालीत, आता कोणती परिषद गाठू, असं तू विचारलंस. परिषदेला जरूर जा. पण ओपीडीत दोन पेशंटच्या मध्ये फोन उघडून तू जे शोधतेस, वाचतेस आणि मग औषध बदलतेस, तेही शिक्षणच आहे, आणि पुष्कळ ठिकाणी त्यालाही क्रेडिट मिळतं. तू ते रोज करतेस आणि नोंद न ठेवता सोडून देतेस, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पद्धतीत अशा एका पूर्ण शोधाला अर्धं क्रेडिट आहे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: प्रश्न काय होता, मान्य स्रोतांपैकी काय वाचलं आणि त्याचा उपचारात काय उपयोग केला. नोंदणी करणाऱ्या प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे, म्हणून तुझी नोंदणी जिथे आहे तिथे हा प्रकार धरतात का आणि पुरावा कोणता मागतात, हे आधी विचारून घे.

अर्धं क्रेडिट ऐकायला किरकोळ वाटतं. पण प्रश्न किती पडतात ते बघ. 1985 मध्ये ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासात डॉक्टरांना दर तीन पेशंटमागे साधारण दोन प्रश्न पडत होते आणि त्यातल्या जेमतेम 30 टक्क्यांचं उत्तर तपासणीच्या वेळी मिळत होतं. 2014 मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात निम्म्या प्रश्नांचा पाठपुरावाच झालेला नव्हता. ज्यांचा झाला, त्यातल्या 78 टक्क्यांची उत्तरं सापडली होती. म्हणजे शोधायला बसलं की बहुतेक वेळा सापडतं. अडतं ते शोधायला बसण्यापाशी. पुढचा पेशंट आत येतो आणि प्रश्न डोक्यातून जातो.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: प्रश्न पडला त्या क्षणी, उत्तर शोधण्याआधी, एका ओळीत लिहून ठेव. उत्तर वाचल्यावर लिहिलेला प्रश्न नकळत त्या उत्तराच्या मापाचा होतो आणि तुला मुळात काय माहीत नव्हतं हे झाकलं जातं.

प्रश्न नेमका लिही. समज, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या एका वयस्क बाईंचं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साठणारा घटक) वाढलंय. ‘मेटफॉर्मिन आणि किडनी’ असं लिहिलंस तर तासभर वाचूनही हाती काही लागणार नाही. ‘ईजीएफआर 40 आहे, मेटफॉर्मिन आधीपासून चालू आहे, तोच डोस ठेवावा, कमी करावा की बंद करावं?’ असं लिहिलंस तर उत्तराची वाट दिसते. (ईजीएफआर म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाजी आकडा; कमी आला तर किडनी मंद.) पेशंट कोण, काय करायचं, त्याऐवजी दुसरं काय शक्य आहे आणि फरक कशात पडायला हवा, एवढं त्या ओळीत असू दे.

हेच उदाहरण थोडं पुढे नेते, कारण रोजच्या शोधाचं मोल त्यात दिसतं. पूर्वी क्रिएटिनिन स्त्रियांमध्ये 1.4 आणि पुरुषांमध्ये 1.5 झालं की मेटफॉर्मिन वर्ज्य, असं शिकवत. 2016 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, क्रिएटिनिनऐवजी ईजीएफआर बघायला सांगितलं: 30 च्या खाली द्यायचं नाही, 30 ते 45 मध्ये नव्याने सुरू करू नये आणि चालू असताना 45 च्या खाली घसरलं तर फायदा-धोका पुन्हा तोलावा. जुन्या आकड्यावर थांबलेला डॉक्टर या बाईंचं चांगलं चाललेलं औषध बंद करून मोकळा होईल. तू मात्र डोस कमी करून तीन महिन्यांनी ईजीएफआर पुन्हा तपासायचं ठरवशील, आणि वाचता वाचता लक्षात येईल की बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर रक्तातलं बी12 जीवनसत्त्व सुद्धा बघायला हवं. तो झाला दुसरा प्रश्न. त्याची ओळ वेगळी लिही.

तिसरा भाग, म्हणजे ‘उपयोग काय केला’, तिथे सगळे घाई करतात. ‘माहितीत भर पडली’ हे वाक्य मला कुणाच्याही नोंदीत दिसलं तर मी ती परत करते. डोस किती केला, कोणती तपासणी मागवली नाही, पेशंटला काय समजावलं, ते लिही. काहीच बदललं नसेल तर तसंच लिही. आपण करत होतो ते बरोबर होतं हे कळणंही निष्कर्षच आहे. खात्रीचं उत्तर सापडलं नाही तर तेही लिही आणि वरिष्ठांशी बोल. क्रेडिटसाठी प्रश्न बनवू मात्र नकोस. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे ते शोधण्यात गेलेला वेळ त्या दिवशीच्या खऱ्या प्रश्नाचा असतो.

आणखी एक फायदा सांगते. काही महिन्यांच्या नोंदी एकत्र वाचल्यास की तुझं कच्चं कुठे आहे ते उघड दिसेल. किडनीच्या रुग्णांचे डोस पुन्हा पुन्हा आले असतील तर परिषद निवडतानाही तोच विषय बघ.

नोंदीत पेशंटचं नाव, केस नंबर, तारीख, फोटो काही घालू नकोस. वय ढोबळ लिहिलं तरी चालतं. आजार दुर्मीळ असेल तर जास्तच जप, कारण तेवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

आणि शोध नेहमी स्वतःच्या खात्यातून घे. विभागाच्या सामायिक लॉगिनवर वाचलेलं तुझ्या नावावर जमा होत नाही. प्रमाणपत्रं दर महिन्याला उतरवून स्वतःकडे ठेव. नोकरी बदलली की संस्थेचं खातं बंद होतं आणि त्यातल्या नोंदी मिळवताना नाकी नऊ येतात.

पहिल्या पाचेक नोंदी झाल्या की मला पाठव. प्रश्नांची ओळ कशी जमलीय ते बघून कळवते.

तुझी,
मॅडम