पायाचं सूप पहिल्यांदा करताय?

पाय खाटकाकडूनच भाजून, तासून आणि तुकडे करून घ्या. घरी गॅसवर केस जाळायच्या फंदात पडू नका, वास दोन दिवस जात नाही. मी ते करून बसलोय.

4 पायांना दीड-दोन लिटर पाणी, हळद, ठेचलेलं आलं-लसूण, 8-10 मिरी. मीठ शेवटी, कारण आटल्यावर खारट होतं. कुकरची एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून पाऊण तास विसरून जा. साध्या पातेल्यात 5-6 तास लागतात.

गाळून फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी थलथलीत जेली दिसेल. घाबरू नका, ते बिघडलेलं नाही. हाडा-कुर्च्यांमधल्या कोलॅजनचं जिलेटिन झालंय. जेली धरली नाही तर पाणी जास्त झालं समजा. वरचा चरबीचा थर काढून फोडणीला वापरा.

रोज वाटीभर प्यायलाच हवं असं काही नाही. मुगाच्या खिचडीत पाण्याऐवजी घाला, नाहीतर गरम रश्शात ज्वारीची भाकरी कुस्करा. उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. कॅल्शियमच्या भरवशावर मात्र पिऊ नका, ते यात फारसं उतरत नाही. त्यासाठी नाचणी बरी.