परदेशातील सत्र आणि पदवीचा अभ्यासक्रम

प्रश्न : आमच्या विभागाचे काही विद्यार्थी एका सत्रासाठी परदेशी विद्यापीठात जातात. परतल्यावर तिथल्या श्रेयांकांवरून (क्रेडिट्सवरून) दर वेळी घोळ होतो आणि काहींना तेच विषय पुन्हा द्यावे लागतात. ज्यांना जाणे शक्य नसते, त्यांच्या पदरी तर काहीच पडत नाही. अभ्यास मंडळापुढे मी काय मांडावे? – एक प्राध्यापक

उत्तर : आपली अडचण नवी नाही. सोफिया कोराडी या इटालियन विद्यार्थिनीने १९५०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कायद्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले, पण रोमला परतल्यावर तिच्या विद्यापीठाने ते जमेस धरले नाही. पुढे या मान्यतेसाठी त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १९८७ साली युरोपात सुरू झालेल्या ‘इरॅस्मस’ या विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या योजनेच्या मुळाशी हा पाठपुरावा होता. या योजनेतील शिष्यवृत्तीची चर्चा पुष्कळ होते. मला मात्र त्यातला शिक्षण-करार अधिक मोलाचा वाटतो. विद्यार्थी निघण्यापूर्वीच तो कोणते विषय घेणार, त्यांचे श्रेयांक किती आणि मूळ अभ्यासक्रमातील कोणत्या भागाऐवजी ते धरले जाणार, हे या करारात लिहिले जाते आणि त्यावर विद्यार्थी व दोन्ही विद्यापीठे सह्या करतात. युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. त्यामुळे एका सत्राचे ३० श्रेयांक दोन्हीकडे सारख्याच मापाने मोजता येतात.

तेव्हा मंडळापुढे पहिली मागणी अशा पूर्वकराराची ठेवा. दुसरी मागणी वेळापत्रकाची आहे आणि माझ्या मते तीच अधिक अवघड आहे. प्रत्येक सत्रात अनिवार्य विषय ठासून भरलेले असतील, तर विद्यार्थ्याने जायचे तरी केव्हा? एक सत्र आधीच ठरवून त्यात मुख्यतः ऐच्छिक विषय आणि प्रकल्प ठेवावेत. समकक्षता तपासताना विषयाचे नाव आणि प्रकरणांची यादी तंतोतंत जुळवण्याचा आग्रह कृपया धरू नका, कारण इथलेच सारे तिथे शिकायचे असेल तर जाण्याचे प्रयोजनच उरत नाही. विषय संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल, एवढे पाहावे.

जे जाऊ शकत नाहीत त्यांचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक ठिकाणी बहुसंख्य विद्यार्थी तेच असतात. स्वीडनमधील माल्मो विद्यापीठात बेंग्ट निल्सन यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस नेमका हाच विचार पुढे आणला : परदेशी न जाणाऱ्यांच्या वर्गातच जग आले पाहिजे. त्याचा एक उपयुक्त मार्ग म्हणजे दोन देशांतील अध्यापकांनी मिळून काही आठवड्यांचा ऑनलाइन भाग शिकवणे. समजा, परिचर्येचे (नर्सिंगचे) विद्यार्थी गंभीर आजाराचे निदान रुग्णाला कसे सांगावे, यावर मिश्र गटांत काम करीत आहेत. एका देशात ते प्रथम रुग्णालाच सांगण्याची रीत असते, तर दुसऱ्या देशात अनेकदा आधी कुटुंबाला विश्वासात घेतले जाते. दोन्ही बाजूंना आपल्या रीतीची कारणे द्यावी लागतात आणि ‘हेच योग्य’ म्हणून पाठ केलेला नियम पुन्हा तपासावा लागतो. अशा कामाला गुण मात्र असलेच पाहिजेत. ते ऐच्छिक उपक्रम म्हणून ठेवले, तर परीक्षेच्या धामधुमीत पहिला बळी त्याचाच जातो.

प्रश्न : दोन आठवड्यांच्या परदेश दौऱ्याला श्रेयांक देणे योग्य आहे का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : दौऱ्याला नव्हे, त्याभोवतीच्या अभ्यासाला द्यावेत. इरॅस्मसच्या सध्याच्या रचनेत ५ ते ३० दिवसांच्या प्रत्यक्ष वास्तव्याला ऑनलाइन सामूहिक अभ्यासाची जोड असलेले संमिश्र कार्यक्रम आहेत आणि त्यांना किमान ३ श्रेयांक द्यावे लागतात. आपल्या दौऱ्याआधी वाचन आणि परतल्यावर मूल्यमापन होणारे लेखी काम ठरलेले असेल, तर श्रेयांकांची मागणी जरूर करा.